दोघांनी खेळायचा आरमाराचा बोर्ड गेम घरी कसा बनवायचा: खांदेरीची लढाई घेऊन, पहिल्या कागदापासून नियमांच्या वहीपर्यंत

शाळेत चौकड्यांच्या वहीत दहा बाय दहाचा चौकोन आखून 'बी पाच', 'हुकलं', 'सी पाच', 'लागलं' करत आपण सगळ्यांनीच जहाजं बुडवलीत. खेळ मस्तच आहे, पण नीट बघितलं तर त्यात समुद्र कुठेच नाहीये. जहाजांच्या जागी शेतात लपलेले ससे ठेवले तरी खेळ तसाच राहील, कारण वारा नाही, भरती नाही, खडक नाही, आणि जहाज तर जागचं हलतच नाही. मी स्वतःचा गेम बनवायला बसलो तेव्हा एवढं एकच पक्कं ठरवलं होतं, की खेळणाऱ्याला दर चालीला पाण्याचा आणि वाऱ्याचा विचार करावाच लागला पाहिजे, तोफांचा विचार नंतर. पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे, आणि तुम्ही वेगळी लढाई घेतलीत तरी हा क्रम तुम्हाला उपयोगी पडेल असं मला वाटतं.

आधी लढाई निवडा, आणि एकच निवडा

'समुद्रावरचं युद्ध' हा विषय गेमसाठी फार मोठा आहे. त्यात पाणबुड्या येतात, विमानवाहू जहाजं येतात, वल्ह्यांची गलबतं येतात, आणि मग नियम वाढतच जातात. एक जागा, एक वर्ष, दोन बाजू एवढं धरा. मी खांदेरी बेट घेतलं, कारण ते आपल्या दाराशी आहे. गेटवेवरून लाँच पकडून मांडव्याला उतरलं आणि थळच्या किनाऱ्यावर गेलं की समोर आधी उंदेरी आणि तिच्या मागे लांबवर खांदेरी दिसते. खांदेरीवर १८६७ सालचं दीपगृह आहे, त्यामुळे ओळखायला चुकत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी माणसं घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला होतोय म्हटल्यावर ईस्ट इंडिया कंपनीनं जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. पण मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री-बेरात्री उथळ पाण्यातून दगड, दाणागोटा, दारूगोळा बेटावर पोचवतच राहिल्या आणि कंपनीच्या मोठ्या जहाजांना त्यांच्या मागे उथळ पाण्यात शिरता येईना. १८ ऑक्टोबर १६७९ ला सकाळी मराठ्यांचा आरमारप्रमुख दौलतखान याचं आरमार दक्षिणेकडून, चौलच्या बाजूनं, असं वेगात आलं की नांगर टाकून उभ्या असलेल्या इंग्रजांना शिडं उभारायलाही धड वेळ मिळाला नाही. त्यांची डव्ह नावाची गुराब (शिडाचं लढाऊ जहाज) शरण आली आणि मराठ्यांनी ती ओढून नेली. रिव्हेंज हे मोठं जहाज मात्र टिकलं, आणि इंग्रजांच्या लिखाणाप्रमाणे त्यानं पाच गलबतं बुडवली, मग मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात निघून गेलं. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला, १६८० च्या सुरुवातीला त्यानं उंदेरी घेतली, आणि इंग्रजांनी काढता पाय घेऊन तह केला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

आता हीच गोष्ट गेम बनवणाऱ्याच्या नजरेनं परत वाचा. छोटी होडी उथळ पाण्यात जाते, मोठं जहाज जात नाही. नांगरलेलं जहाज पटकन हलत नाही. रात्री दिसत नाही. एका बाजूला संख्या, दुसऱ्या बाजूला वजन. झाले की अर्धे नियम! म्हणूनच सांगतो, आधी इतिहास भरपूर वाचा आणि नियम त्यातून उचला, कारण असा नियम कुणालाही एका वाक्यात समजावता येतो आणि तो लक्षातही राहतो.

जिंकायचं कसं, ते नकाशाच्याही आधी लिहा

बहुतेक जण इथेच अडकतात, मीही अडकलो होतो. माझ्या पहिल्या कागदावर लिहिलं होतं, 'समोरच्याची सगळी जहाजं बुडवा म्हणजे जिंकलात.' झालं काय, तर दोघंही आपापल्या कोपऱ्यात बसून समोरचा कधी येतोय याची वाट बघत राहिले. खऱ्या खांदेरीत कुणालाच सगळी जहाजं बुडवायची नव्हती. मराठ्यांना माल पोचवायचा होता आणि इंग्रजांना ती वाट अडवायची होती. तेच जिंकणं मी गेममध्ये घेतलं. मराठा बाजूनं १२ फेऱ्यांत ठरलेल्या खेपा बेटावर उतरवल्या तर ती जिंकली, नाही उतरल्या तर कंपनी जिंकली. एवढ्या एका बदलानं खेळ जिवंत झाला, कारण आता एका बाजूला निघावंच लागतं आणि दुसरीला अडवावंच लागतं, कोपऱ्यात बसून भागत नाही.

आकडा ठरवताना अंदाजपंचे ठरवू नका, जास्तीत जास्त किती शक्य आहे ते आधी काढा. माझ्या नकाशात किनारा ते खांदेरी ६ घरं, मचवा (माल नेणारी मराठ्यांची छोटी होडी) वल्ह्यांवर फेरीला २ घरं जातो, म्हणजे जायला ३ फेऱ्या, यायला ३. बारा फेऱ्यांत एका मचव्याच्या दोन खेपा पोचतात. मचवे ४, म्हणून ८ खेपा, पण चारातला एक कायम रिकामा असतो (का ते खाली सांगतो), म्हणून ६. मी सुरुवातीला ६ खेपांचं लक्ष्य ठेवलं होतं, म्हणजे एकही मचवा अडवला जाता कामा नये! वारा पाठीशी असला तर एखाददुसरी जास्तीची निघते, तरीपण हे फारच झालं. आता लक्ष्य ४ आहे.

नकाशा

चौकोनी घरं घेऊ नका. चौकोनात तिरपं गेलं की खरं अंतर १.४१ पट होतं आणि मग तिरपं जाऊ द्यायचं की नाही यावर कायम वाद. षटकोनी घरं घ्या, त्यात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात, आणि जहाजाचं तोंड कुठे आहे आणि वारा कुठून आहे हे एका नजरेत कळतं.

षटकोनाचं टोक वर ठेवा. असं केलं की पूर्व-पश्चिम सरळ रेषा मिळते, आणि आपल्या किनाऱ्यावर तीच लागते कारण किनारा पूर्वेला, उघडा समुद्र पश्चिमेला. एथ्री कागद ४२० बाय २९७ मिलिमीटर असतो. घराची रुंदी २५ मिलिमीटर धरली तर आडवी १५ आणि उभ्या १२ ओळी आरामात बसतात, वर चारी बाजूंना दीड सेंटिमीटरची समास उरते. एकूण १८० घरं. पूर्वेला थळचा किनारा, त्याला लागून उंदेरी, किनाऱ्यापासून सहा घरं आत खांदेरी. उत्तरेची कड म्हणजे मुंबई, तिथून कंपनी येते. दक्षिणेची कड म्हणजे चौल, तिथून गलबतं येतात. किनारा आणि उंदेरीच्या मधली घरं फिक्या निळ्या रंगाची, तो उथळ भाग.

अंतर आणि वेळ यांचा मेळ घालायचा हट्ट सोडा. माझ्या गेममध्ये एक फेरी म्हणजे दोन तास, आणि दोन तासांत गलबत दोन घरांपेक्षा कितीतरी लांब जाईल हे मलाही कळतं. पण घड्याळ खरं ठेवलं तर भरती आणि वारा खरे ठेवता येतात, म्हणून मी घड्याळ खरं ठेवलं आणि नकाशा ताणला. दोन्ही खरं करायला गेलात तर नकाशा जमिनीवर अंथरावा लागेल.

वारा आणि पाणी, म्हणजे गेमचा जीव

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि तुम्हीही घाला.

आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, नारळी पौर्णिमा होऊन ऑक्टोबर लागला की वाऱ्याचं रोजचं वेळापत्रक असतं. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा, आणि मध्ये वारा पडतो. मी बाराच्या बारा फेऱ्या एका पट्टीवर छापल्या. पहिली फेरी सकाळी ६ ला सुरू. फेरी १ आणि २ मतलई, पूर्वेकडून. फेरी ३ ला वारा पडलेला. फेरी ४ ते ७ खारा, वायव्येकडून. फेरी ८ परत पडलेला. फेरी ९ ते १२ मतलई. वाऱ्यासाठी फासा टाकायचाच नाही! दोघांनाही पुढचा वारा माहीत असतो, आणि त्यामुळे 'आत्ता निघालो तर परत येताना वारा तोंडावर येईल' असा विचार टेबलावर सुरू होतो. पट्टीकडे बघत बोटं मोजणारा खेळाडू दिसला की मला बरं वाटतं.

चालीचा तक्ता सोपा ठेवा. शिडाच्या जहाजाला वारा तिरका मागून असेल तर सगळ्यात जास्त वेग, बरोब्बर पाठीवर असेल तर थोडा कमी, तिरका पुढून असेल तर जेमतेम, आणि नाकासमोरून असेल तर शून्य. कंपनीच्या मोठ्या जहाजाला मी याच क्रमानं ४, ३, १, ० दिले. गलबताला ३, ३, २, ०. वर गलबताला वल्ही आहेत, वारा कसाही असो २ घरं नक्की, पण लागोपाठ दोन फेऱ्या वल्हवलं की तिसऱ्या फेरीला माणसं दमतात, त्या फेरीत वल्ही बंद. मचव्यातली माणसं मात्र हळू आणि सारखं वल्हवणारी, त्यांना दमणं लावलं नाही, नाहीतर खेपांचं गणितच मोडतं. वाऱ्यावर मचवा ३ घरं जातो. वारा पडलेल्या फेरीत कंपनीची शिडाची जहाजं जागेवरच उभी राहतात, आणि तेव्हा गलबतांना जी संधी मिळते ती बघण्यासारखी असते.

हे आकडे टाकल्यावर आपोआप काय झालं बघा. सकाळी पूर्वेचा वारा असताना दक्षिणेकडून वायव्येला येणाऱ्या गलबतांना वारा तिरका मागून मिळतो, पूर्ण वेग. दुपारी तोच वारा वायव्येचा होतो आणि मुंबईकडून खाली येणाऱ्या कंपनीला पाठीवर मिळतो. म्हणजे मराठ्यांनी हल्ला सकाळी करावा आणि कंपनीनं दुपारी, असं नियमात कुठेही न लिहिता खेळणारे तसंच करायला लागले, आणि दौलतखानही सकाळीच आला होता!

आता भरती. मी आधी भरलेलं पाणी आणि सुकती (ओहोटी) असे दोन रंग पट्टीवर कायमचे छापले होते. वरळी कोळीवाड्यात माझा एक मित्र राहतो, त्याच्याकडे आम्ही खेळत होतो, त्याचे बाबा जाळं बाजूला ठेवून आमच्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं आणि मग पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "पोरा, ह्यो भरतीचा टाइम रोज एकच कसा रं? आज तिथी कंची हाय?" मी म्हटलं, "काका, तिथी कशाला?" तर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून चतुर्थी सांगितली आणि बोटांवर हिशेब केला, "चार, त्याची पाऊणपट तीन. तीन वाजता पानी भरल." आपल्या किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे, तिथीच्या पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, आणि दुसरी भरती त्यानंतर सव्वाबारा-साडेबारा तासांनी. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं.

त्याच रात्री मी नियम बदलला. आता पट्टीवर भरतीचा रंग छापलेला नाही, एक सरकती कागदी पट्टी आहे, तीन घरं भरलेलं पाणी, तीन घरं सुकती, परत तीन, परत तीन. खेळायच्या दिवशीची तिथी बघायची, पाऊणपट करायचं, आणि पट्टी तिथे लावायची. चतुर्थीला भरती तीन वाजता, म्हणजे फेरी ५ च्या मधोमध, म्हणून फेरी ४, ५, ६ भरलेलं पाणी, ७ ते ९ सुकती, आणि रात्रीची भरती १० ते १२. अष्टमीला खेळलात तर सगळं सरकलं. एकच गेम पंधरा दिवसांत वेगवेगळा होतो आणि त्यासाठी एकही जास्तीचं कार्ड छापावं लागत नाही.

उथळ घरांचा नियम असा: भरलेल्या पाण्यात गलबत आणि मचवा दोन्ही जातात, सुकतीत फक्त मचवा. सुकती सुरू होताना गलबत उथळ घरात असेल तर ते बसलं, परत पाणी भरेपर्यंत हलत नाही. कंपनीचं मोठं जहाज तिथे कधीच जात नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ खेळत असाल तर उधाण, सुकतीत पाणी आणखी खाली जातं, म्हणून उथळ भागाला लागून असलेली घरंही उथळ धरायची. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, तेव्हा लागून असलेल्या घरांना हात लावायचा नाही. पावसाळ्याआधी पालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा जाहीर करते, त्या बघितल्यात तर उधाण कशाला म्हणतात ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

जहाजं आणि त्यांची ताकद

मराठा बाजूला ८ गलबतं आणि ४ मचवे. कंपनीकडे एक मोठं जहाज, २ गुराबी, ३ शिबाडं (मालवाहू शिडाची जहाजं). प्रत्येकाला दोनच आकडे, तोफा (म्हणजे किती फासे टाकायचे) आणि दम (म्हणजे किती मार खाऊ शकतं). मोठं जहाज ४ आणि ४, गुराब २ आणि ३, शिबाड १ आणि २, गलबत १ आणि २. मचव्याला तोफ नाही, दम १. फाशावर ५ किंवा ६ आला की मार बसला. एक फासा टाकला तर निदान एक मार बसायची शक्यता ३३ टक्के, दोन फाशांना ५६, तीनला ७०, चारला ८०. हा तक्ता नियमांच्या वहीत छापा, नवा माणूस कमी घाबरतो.

दोन बाजू वेगवेगळ्या असल्या की ताकद मोजायची कशी हा प्रश्न येतोच. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९१६ मध्ये यावर एक साधा नियम मांडला. लांबून मारा करणाऱ्या लढाईत, जिथे सगळे सगळ्यांवर मारा करू शकतात, तिथे संख्येचा वर्ग चालतो. म्हणजे ८ होड्या ४ होड्यांच्या दुप्पट नाहीत, चौपट आहेत. चारांना बरोबरीत यायचं तर दुप्पट तोफा आणि दुप्पट दम, दोन्ही लागतं. घरगुती हिशेबासाठी प्रत्येक जहाजाच्या तोफा गुणिले दम करा, त्याचं वर्गमूळ काढा, आणि बाजूची बेरीज करा. माझी ८ गलबतं मिळून ११.३ होतात, कंपनी १३.१. दोन्हींचा वर्ग करून भागलं तर उघड्या पाण्यात, भर दुपारी, कंपनी साधारण ३५ टक्के जड. हे मला हवं होतं, कारण अरुंद उथळ पाण्यात, रात्री किंवा वारा पडल्यावर सगळ्यांना सगळ्यांवर मारा करता येत नाही आणि तिथे हा हिशेब मोडतो. मराठा बाजूचं कामच ते, लढाई अशा जागी आणि अशा वेळी न्यायची.

तोफांची दिशा विसरू नका. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, म्हणून समोरचं आणि बरोब्बर मागचं घर आंधळं. गलबत आणि गुराब नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) तोफेनं फक्त समोर मारतात. त्यामुळे गलबतं मोठ्या जहाजाच्या मागे शिरायला बघतात आणि मोठं जहाज कूस वळवत राहतं. वळायलाही नियम हवा, मोठ्या जहाजाला एक घर पुढे गेल्याशिवाय वळता येत नाही, गलबत जागच्या जागी वळतं. पल्ला दिवसा मोठ्या जहाजाला ३ घरं, बाकीच्यांना २, आणि फेरी ७ पासून रात्र, तेव्हा सगळ्यांना फक्त शेजारचं घर.

चढाई म्हणजे समोरच्या जहाजावर माणसं चढवून ते ताब्यात घेणं, तिचा नियम आंधळ्या घरातूनच. चढाई करणारं प्रत्येक गलबत एक फासा टाकतं, समोरचा उरलेल्या दमाइतके फासे टाकतो, ज्याचे ५-६ जास्त तो जिंकला. तीन-चार गलबतं एकत्र नेल्याशिवाय चढाई करू नका, पण गुराब हाती लागली की टेबलावर आरडाओरडा ठरलेला.

चाली कुणी, कधी

'आधी माझी सगळी जहाजं, मग तुझी सगळी' असं ठेवलं तर दोन अडचणी येतात, एकजण दहा मिनिटं ताटकळत बसतो आणि आधी खेळणाऱ्याचा फायदा होतो. आमच्याकडे कंपनी १ जहाज हलवते, मग मराठा २, परत कंपनी १. सहा आणि बारा, त्यामुळे फेरी बरोबर संपते. फेरीत १८ चाली, बारा फेऱ्यांत २१६, आणि एका चालीला वीस सेकंद धरले तर ७२ मिनिटं. प्रत्यक्षात दीड तास लागतो. तुमच्या गेमचा असा हिशेब कागदावर आधी करा, माझा पहिला गेम चार तास चालला होता आणि नवव्या फेरीला मेहुणा सोफ्यावर झोपला होता.

लपवाछपवीला मचवे. चार मचव्यांच्या सोंगट्या उलट्या ठेवायच्या, खाली तिघांवर माल, एकावर काही नाही, आणि किनाऱ्यावर परत आले की मराठा खेळाडू हात मागे घेऊन त्या परत मिसळतो. कंपनीला कळत नाही कुणाच्या मागे जायचं, आणि रिकामा मचवा मुद्दाम तोफांसमोर नेऊन मोठं जहाज भलतीकडे ओढायची मजा वेगळीच.

मोडेपर्यंत खेळून बघा

कंपनीकडून खेळणाऱ्या एका मित्रानं दुसऱ्याच डावात मोठं जहाज खांदेरीच्या धक्क्याला खेटून नांगरलं आणि सांगितलं, "आता उतरव माल." गेम तिथेच संपला. उपाय परत इतिहासात सापडला. एक, नांगर उचलायला पूर्ण एक फेरी जाते, म्हणून नांगरलेलं जहाज चढाईला सापडतं. दोन, बेटावरही तोफा होत्या, म्हणून जितक्या खेपा उतरल्या तितके फासे बेटाला मिळतात, जास्तीत जास्त ३, पल्ला २ घरं. पण यानं उलटंच झालं, दोन खेपा पोचल्या की मराठा बाजू थांबेचना. मग सिद्दी आला. तिसरी खेप उतरली की कंपनी उंदेरीवर सिद्दीची सोंगटी ठेवते, तिला २ फासे, पल्ला २, आणि उथळ वाट तिच्या माऱ्यात येते. शेवटची खेप आता खरंच अवघड जाते.

दर डावाला वहीत चारच गोष्टी लिहा: तिथी, किती वेळ लागला, कोण जिंकलं, आणि कोणत्या फेरीला कुणी फोन हातात घेतला. ती शेवटची नोंद सगळ्यात खरी असते. आणि पाच डावांत एक बाजू चारदा जिंकली म्हणून आकडे बदलायला धावू नका. गेम अगदी समतोल असला तरी वीस डावांत १३-७ असा किंवा त्याहून एकतर्फी निकाल शंभरात पंचवीसेक वेळा निव्वळ नशिबानं लागतो. १५-५ लागला तर मात्र शंका घ्या, तो शंभरात चारेक वेळाच लागतो. आकडा बदलायचा तर एका वेळी एकच.

तरीही कुठली बाजू जड यावर वाद राहिलाच तर बोली लावा. पहिला म्हणतो, "मी चार खेपांत मराठा घेतो." दुसरा म्हणतो, "मी पाचांत." ज्याची बोली मोठी त्याला मराठा बाजू आणि तेवढं लक्ष्य. तोल खेळणारेच साधतात.

छापणं आणि सोंगट्या

पहिले दहा डाव पेन्सिलनं आखलेल्या कागदावर आणि बाटल्यांच्या झाकणांवर खेळा, रंगीत छापू नका, कारण छापलं की बदलायचा जीव होत नाही. नंतर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला कार्डशीट, सनबोर्ड, फासे सगळं मिळतं. नकाशा ३०० जीएसएमच्या जाड कागदावर छापून ३ मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवा, मधोमध कापून मागून कापडी टेप लावा म्हणजे घडी होते. फेव्हिकॉल पातळ आणि सगळीकडे सारखं, नाहीतर कागदाला फुगे येतात.

एक गोष्ट मात्र जपा. फाइलमध्ये कोपऱ्यात बरोब्बर १० सेंटिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि दुकानातच पट्टीनं मोजा. माझा पहिला रंगीत नकाशा एका दुकानात 'फिट टू पेज' करून छापला गेला, २५ मिलिमीटरची घरं २३ ची झाली, आणि घरी येऊन जहाजं ठेवली तर शेजारशेजारच्या सोंगट्या एकमेकींवर चढायला लागल्या. सोंगट्या २० मिलिमीटरच्याच कापा, एका बाजूला टोक, म्हणजे नाळ कुठे आहे ते कळतं. रंगाबरोबर आकारही वेगळा ठेवा, पिवळ्या बल्बखाली निळं आणि हिरवं सारखंच दिसतं.

नियमांची वही

ही सगळ्यात शेवटी लिहा आणि चार पानांच्या वर जाऊ देऊ नका. क्रम असा: कोण कोण आहे, जिंकायचं कसं, पट्टी कशी लावायची, एक फेरी कशी चालते, मग लढाई, मग रात्र, सिद्दी वगैरे. आधी जिंकायचं कसं ते सांगितलं नाही तर पुढचं काहीच डोक्यात बसत नाही.

मग ही वही आणि डबा अशा दोघांना द्या ज्यांनी गेम कधी बघितलेला नाही, आणि तुम्ही शेजारी बसून एक शब्दही बोलू नका. अवघड आहे, जीभ चावून बसावं लागतं. माझ्या शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या बहिणी खेळत होत्या. वाऱ्याचा बाण वारा कुठून येतो ते दाखवतो की कुठे जातो, यावर त्या अडल्या, आणि अख्खा डाव उलट्या वाऱ्यावर खेळल्या. मी वहीत लिहिलं होतं, पण तिसऱ्या पानावर, तक्त्याच्या खाली. आता बाणाच्या शेपटाला ढग छापलाय, टोक वारा जातो तिकडे, आणि ते वाक्य दुसऱ्या पानावर सगळ्यात वर आहे.